बॅटरी कोण खातंय?

व्यायामवाल्यांचा फोन सकाळी आठ वाजता शंभर टक्के भरलेला असायचा आणि दुपारी पावणेचारला मान टाकायचा. गेले तीन महिने हे असंच चाललं होतं. त्याआधी हाच फोन रात्री जेवणं उरकली तरी तीस-पस्तीस टक्क्यांवर असायचा.

त्यांच्या कामाचं खरं नाव फिजिओथेरपिस्ट. पण हा शब्द धडधाकट माणसालाही एका दमात म्हणता येत नाही, मग अर्धांगवायू झालेल्याने काय करावं? म्हणून सगळे पेशंट त्यांना व्यायामवाले म्हणत. वय एक्कावन्न, हात मजबूत, आवाज मऊ, आणि डोळे जन्मापासून बंद. एका व्यायाम-उपचार केंद्रात त्यांची नोकरी होती. पहिली अकरा वर्षं त्यांनी केंद्रातल्या मागच्या खोलीत काढली. सहा खाटा, एक पंखा आणि दिवसभर बडबडणारा टीव्ही. मग केंद्राने घरोघरी जाऊन व्यायाम द्यायचं काम सुरू केलं, आणि व्यायामवाल्यांनी हट्टाने ते मागून घेतलं. रोज सात घरं. सकाळी केंद्रात हजेरी, तिथून पादचारी पूल, पुलाखाली पावाच्या भट्टीचा वास, मग डावीकडे सतत गुणगुणणारी विजेची पेटी, मग बागेचं लोखंडी कुंपण. त्या कुंपणावरून काठी टकटकत नेताना त्यांना जे वाटायचं ते एकदाच सरळ सांगून टाकतो. त्यांना सुख वाटायचं. सहा खाटांच्या खोलीत जाऊन बसायचं त्यांच्या जिवावर यायचं.

ही फिरती फोनच्या जोरावर चालायची. फोन एका कानात रस्ता सांगे. केंद्राचे निरोप वाचून दाखवे. दारावरच्या पाटीसमोर धरला की नाव वाचे. प्रत्येक घरी पोचल्यावर त्यावरच हजेरी लावायची. तो बंद पडला की व्यायामवाले हरवत नसत, रस्ते त्यांना पाठ होते, पण कुठल्या मजल्यावरचं कुठलं दार, हा प्रश्न उरायचाच.

आणि एकदा त्यात गंमत झालीच. फोन मेलेला. एका नव्या पेशंटचं घर, तिसरा मजला. व्यायामवाल्यांनी जिने मोजले, पण खालच्या तळघराचे मोजायचे राहिले. बेल वाजवली, एका बाईंनी दार उघडलं. हे म्हणाले, "नमस्कार, गुडघा कसा आहे?" त्या म्हणाल्या, "काय सांगू, रात्रभर ठणकतो." आता सांगा, यात कुणाची चूक? वीस मिनिटं व्यायाम झाला, चहा झाला, आणि जाताना बाईंनी विचारलं, "पण तुम्हाला पाठवलं कुणी?" खरा पेशंट वरच्या मजल्यावर घड्याळाकडे बघत तोवर लालबुंद झाला होता. त्याची तक्रार केंद्रात पोचायला लिफ्टसुद्धा लागली नाही.

दुसऱ्या खेपेला वेळ बदलल्याचा निरोप आला, तो मेलेल्या फोनला कळला नाही, आणि ऑपरेशन झालेला एक म्हातारा तासभर ताटकळला. केंद्राच्या मॅडमनी बोलावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या, पण नियमाच्या पक्क्या.

"सर, आणखी एकदा तुमचा फोन ड्युटीवर बंद लागला तर मला बाहेरचं काम काढून घ्यावं लागेल. आतल्या खोलीत तुमची जागा आहेच."

"समजलं," व्यायामवाले म्हणाले.

"जादा बॅटरी का नाही ठेवत बरोबर?"

ठेवली होती. दोन दिवस. एका हातात काठी, दुसऱ्या हातात फोन, फोनला वायर आणि वायरीच्या टोकाला खिशात ती जडशीळ बॅटरी. दुसऱ्याच दिवशी चौकात ती वायर एका बाईंच्या पिशवीच्या चेनमध्ये अडकली आणि दोघांनी अख्खा रस्ता एकमेकांना बांधलेल्या अवस्थेत ओलांडला. त्या बाई काय काय बोलल्या ते इथे देता येणार नाही. तेव्हापासून व्यायामवाल्यांनी कानाला खडा लावला.

घरी त्यांनी आईला ही ताकीद सांगितली. आई शहात्तर वर्षांची, तीन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडलेली, तेव्हापासून पलंगावर. घरात दोघंच. दुपारचं ताट शेजारच्या ताई देत, सकाळ-संध्याकाळ मुलगा बघत असे. ताकीद ऐकून आईने आधी केंद्राला चार शिव्या घातल्या. मग म्हणाली, "त्या मेल्या फोनला दुसरा सेल घाल."

"आई, त्याला सेल नसतो."

"सगळ्याला सेल असतो," आई म्हणाली.

मग सल्ले सुरू झाले. उंटावरच्या शहाण्यांची कुठे वाण असते? एका पेशंटची सून म्हणाली, फोन रात्रभर चार्जिंगला लावू नका, बॅटरी फुगते. दुसऱ्याचा जावई म्हणाला, रात्रभरच लावा, मुरायला हवी. कोणी म्हणालं वीस टक्क्यांखाली जाऊ देऊ नका आणि ऐंशीच्या वर नेऊ नका. कोणी म्हणालं, फोन उन्हात तापू देऊ नका, तो खरा शत्रू. एका आजोबांनी तो अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवायला सांगितला. व्यायामवाल्यांनी फ्रिज सोडून सगळं करून पाहिलं. फोनचं थरथरणं बंद केलं. खिसा बदलला. तळघरात, लिफ्टमध्ये जिथे रेंज नसते तिथे फोन रेंज शोधून शोधून दमतो असं कळल्यावर तिथे तो विमानातल्यासारखा बंद ठेवू लागले. पावणेचारचे चार वाजले, यापलीकडे फरक पडला नाही.

चोर सापडला तो वायरमनकाकांच्या घरी. निदान पहिला चोर.

वायरमनकाका चौऱ्याहत्तर वर्षांचे. चाळीस वर्षं लोकांच्या घरात वायरिंग केलं, आता उजवा हात रुसला होता. व्यायामवाले त्यांना रबरी चेंडू दाबायला लावत. त्या दिवशी काकांनी चेंडू तिसऱ्यांदा दाबला आणि ओरडले, "अहो, तो फोन उपडा ठेवा! डोळे दिपले माझे."

"कशाने?"

"उजेडाने! केवढा झगझगाट लावून ठेवलाय. लग्नाचा मांडव आहे का?"

व्यायामवाले चेंडूवरचा हात काढून बसले. त्यांच्या फोनचा पडदा कायम काळा असे. न दिसणाऱ्या माणसांसाठी तशी सोय असते, फोन बोलत राहतो पण पडदा अंधारात असतो. ज्या उजेडाचा आपल्याला उपयोग नाही तो जाळायचा कशाला? आपला फोन डोळस लोकांच्या फोनपेक्षा दुप्पट चालतो, हे ते चारचौघांत मिरवायचे. आणि हा पडदा म्हणे लखलखत होता. किती दिवस? कुणी सांगितलं कसं नाही? नंतर त्यांना आठवलं, बसमध्ये दोन-तीनदा लोक म्हणाले होते, "काका, तुमचा लाइट चालू आहे." त्यांना वाटलं, लोक विजेरीबद्दल बोलतायत. ते दर वेळी विजेरी तपासायचे, ती बंद असायची, आणि लोकांना काही कळत नाही म्हणून सोडून द्यायचे.

"म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय," व्यायामवाले म्हणाले.

काका गडबडले. असं काही ऐकलं की डोळस माणसं नेहमी गडबडतात. व्यायामवाल्यांना ते आवडायचं, म्हणूनच ते अशा म्हणी मुद्दाम वापरायचे. "दाबा चेंडू," ते म्हणाले, "अजून सात राहिलेत."

पडदा पुन्हा काळा केला. दुसऱ्या दिवशी फोन सव्वापाचपर्यंत तगला. पण शेवटचं घर साडेसहाला संपायचं. म्हणजे अजून कोणीतरी खात होतं.

वायरमनकाकांना आता चेंडूपेक्षा यात रस. "कुठे शॉर्ट आहे ते बघायचं असेल तर आधी कुठली वायर किती ओढते ते बघायचं," ते म्हणाले. "फोनमध्ये यादी असते. कोण किती खातं ते लिहिलेलं असतं. काढा बघू."

व्यायामवाल्यांनी यादी काढली. फोन आपल्या भरभर बोलण्याच्या सवयीने वाचू लागला, तो वेग काकांना कळण्यातला नव्हता. व्यायामवाले मात्र ऐकता ऐकता थबकले.

"काय म्हणाला?"

"रस्ता दाखवणारा, बावीस टक्के. हजेरी, सहा टक्के. आणि..." ते थांबले. "पाठीराखा, एक्केचाळीस टक्के."

"हा पाठीराखा कोण?"

"मला कोणी पाठीराखा नाही," व्यायामवाले म्हणाले.

त्यांनी ते उघडलं. फोनने वाचलं की हे ॲप तुमचं ठिकाण दिवसभर कळवत असतं. कुणाला कळवतं ते पुढे आलं असतं, पण व्यायामवाल्यांनी ऐकलंच नाही. त्यांच्या कपाळाची शीर तटतटली होती. दिवसभर! म्हणजे ते कुठल्या वळणावर थांबले, कुठे पाणी प्यायले, सगळं कोणीतरी बसून बघतंय. आणि असा नियमाचा पक्का माणूस त्यांच्या ओळखीचा एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी न लावता ते थेट मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, माझ्यावर पाळत ठेवायची होती तर सांगून ठेवायची. मी रस्त्यात झोपा काढतो असं वाटतं का तुम्हाला? आणि बॅटरी तुम्हीच खायची, वर ताकीद पण मलाच. चोराच्या उलट्या बोंबा!"

हे वाक्य त्यांनी रात्रभर घोटलं होतं, त्यामुळे ते फार चांगलं आलं. मॅडम जागच्या जागी थंड राहिल्या.

"कसली पाळत, सर? तुम्ही वेळेच्या दहा मिनिटं आधी पोचता म्हणून पेशंट कुरकुरतात. तुमच्यावर कशाला पाळत ठेवू? दाखवा फोन."

त्यांनी फोन घेतला. थोडा वेळ टेबलावर त्यांच्या नखांचा आवाज येत राहिला.

"हे आमचं नाही. तुम्ही कुठे आहात ते यात एकाच माणसाला दिसतं. नावाच्या जागी 'आजी' लिहिलंय."

"कुणाची आजी?"

"मला काय माहीत? नंबर आहे."

"शेवटचे चार आकडे सांगा."

त्यांनी सांगितले. व्यायामवाल्यांनी खुर्ची चाचपली आणि ते बसले. तो नंबर त्यांनीच घेऊन दिला होता. लक्षात राहायला सोपा असा मुद्दाम निवडून, आईसाठी.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. आई पडली तेव्हा त्यांची भाची चार दिवस येऊन राहिली होती. जायच्या आदल्या दिवशी म्हणाली होती, "मामा, फोन दे, नको असलेलं सगळं काढून टाकते." अर्धा तास आजीच्या पलंगावर बसून दोघींची काय कुजबुज चालली होती! तिने पाठीराखा घातला, त्यासाठी काळा पडदा उघडला, उजेड पुरता वाढवला, आणि तसाच ठेवून गेली. दोन्ही चोर एकाच दुपारी घरात शिरले होते.

शिवाय गेल्या तीन महिन्यांत आई संध्याकाळी काय काय बोलायची तेही आता आठवू लागलं. "आज बागेच्या बाजूने आलास वाटतं." "आज पुलावर गर्दी होती का रे, उशीर झाला." कसं कळलं विचारलं तर म्हणायची, "पावलांवरून कळतं." व्यायामवाल्यांना केवढा अभिमान वाटला होता! या वयात आईचे कान आपल्यासारखे तयार झाले म्हणून त्यांनी दोन पेशंटना कौतुकाने सांगितलंही होतं.

"बंद करू का हे?" मॅडमनी विचारलं.

"करा," व्यायामवाले म्हणाले. त्यांना राग आला होता. नऊ-दहा वर्षांच्या पोराला येतो तसा, गळ्यापर्यंत.

त्या दिवशी फोन सुसाट चालला. बारा वाजता ऐंशी टक्के. चारला साठ. शेवटचं घर संपवून ते साडेसहाला बाहेर पडले तेव्हा फोनने एक्केचाळीस टक्के सांगितले. जेवढं पाठीराखा खात होता तेवढंच उरलं होतं. बाहेरचं काम वाचलं. खुशाल शीळ घालत घरी जावं असा दिवस, पण शीळ काही आली नाही. कुंपणावर काठी वाजवताना त्यांच्या मनात एवढंच येत होतं की आईला आज काय सांगायचं आणि किती रागावायचं.

जिन्यातच शेजारच्या ताई भेटल्या. "आज आईंनी ताटाला हात लावला नाही हो. दहा वाजल्यापासून फोन हलवून हलवून बघतायत. मला म्हणतात, ठिपका अडकलाय. कसला ठिपका?"

"बघतो मी," व्यायामवाले म्हणाले.

आत गेले. चप्पल काढली, काठी कोपऱ्यात ठेवली, हात धुतले. आईने ठिपक्याचं नाव काढलं नाही. त्यांनीही विषय काढला नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात मायलेक सारखेच तरबेज. त्यांनी चहा केला, एक कप तिच्या हातात दिला. तिचा हात गार होता.

"जेवली नाहीस म्हणे."

"भूक नव्हती."

"बरं वाटत नाहीये?"

आईने कप खाली ठेवला. "बसवलं ना तुला केंद्रात?" ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "सकाळपासून तिथेच होतास ना? एक घर नाही, दोन घरं नाहीत. दिवसभर त्या खोलीत."

व्यायामवाल्यांनी रागाची सगळी तयारी केली होती. ती आता कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. पाठीराखा केंद्रात बंद झाला, म्हणून नकाशावरचा ठिपका केंद्रातच राहिला, आणि ही बाई दिवसभर तो न हलणारा ठिपका बघत उपाशी बसली. मुलगा हरवला म्हणून नाही, मुलाला खोलीत बसवलं म्हणून.

"नाही गं बसवलं. सातही घरं करून आलो."

"मग ठिपका..." आई म्हणाली, आणि तिथेच थांबली. स्वतःच्या तोंडून काय निसटलं ते तिला कळलं होतं.

"ठिपका मी बंद केला," व्यायामवाले म्हणाले. "चल, पाय पुढे कर. व्यायामाची वेळ झाली."

रोज संध्याकाळी ते आईच्या पायाला व्यायाम देत. एक हात टाचेखाली, एक गुडघ्यामागे, पाय हळूहळू दुमडायचा, मोजत सरळ करायचा. हात कामात असले की त्यांना बोलणं सोपं जायचं.

"माझी बॅटरी कोण खात होतं कळलं का तुला?"

"कोण?"

"तुझा पाठीराखा. निम्मी बॅटरी त्यालाच लागायची."

आईचा पाय त्यांच्या हातात ताठ झाला. "म्हणजे माझ्यामुळे? माझ्यामुळे तुला काढणार होते?"

"सैल सोड पाय. तीन, चार..."

"मला काय माहीत रे ते खातं म्हणून! ती कार्टी म्हणाली, आजी, नुसता ठिपका दिसेल, मामाला काही होणार नाही." आई रडत नव्हती, पण तिला श्वास पुरत नव्हता. "तुझी भीती वाटते म्हणून नाही बघत मी. तू हरवणार नाहीस, मला माहीत आहे. पण मी काय करू दिवसभर? हे छत आणि ते घड्याळ. तुझ्याबरोबर निघते, पूल चढते, बागेवरून जाते. सात घरांच्या बाहेर थांबते. संध्याकाळी तुझ्याबरोबर परत येते. तेवढंच माझं बाहेर जाणं."

व्यायामवाले मोजायचे विसरले.

"मला विचारायचं होतंस," ते म्हणाले.

"विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?"

"नाही."

"मग?"

त्यांनी पाय पुन्हा दुमडला. गुडघा वाजला, कट्. त्या गुडघ्याला ती खोड फार जुनी.

"त्यापेक्षा आधीचं बरं होतं," आई म्हणाली. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून तिने तेही सांगून टाकलं. "तू पाचवीत होतास तेव्हा मी तुला म्हटलं ना, उद्यापासून शाळेत एकटा जायचं, मी येणार नाही? सगळ्यांना सांगत फिरले की पोराला एकटं सोडलं, मागे वळून पाहिलं नाही. खोटं होतं ते. महिनाभर रोज आले मी. दहा पावलं मागे. तुला चाहूल लागू नये म्हणून चपला हातात घेऊन. पाय भाजायचे, पण येत होते. फाटकात शिरलास की परत फिरायचे. तेव्हा तुझं काही खर्ची पडलं नाही, आणि तुला कधी कळलंही नाही."

"कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"तू येत होतीस ते. पहिल्याच दिवशी कळलं." त्यांनी गुडघ्यावर बोट ठेवलं. "चपला काढल्यास, पण याचं काय केलंस? दर पाचव्या-सहाव्या पावलाला वाजायचा."

आईने स्वतःचा गुडघा चाचपला. खाली रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची साखळी सैल होती.

"महिनाभर माहीत होतं तुला?"

"महिनाभर."

"मग बोलला का नाहीस रे?"

व्यायामवाल्यांनी पाय अलगद उशीवर ठेवला आणि चादर सारखी केली.

"बोललो असतो तर तू यायची थांबली असतीस," ते म्हणाले.

आईने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग दोघं जेवली. आई दोन वेळचं जेवली.

दुसऱ्या दिवशी वायरमनकाकांनी चोरून डाव्या हाताने चेंडू दाबत त्यावर तोडगा काढून दिला. वायर तोडायची नाही, फक्त बटण बसवायचं. व्यायामवाल्यांनी रस्त्यावर असताना पाठीराखा चालू ठेवायचा आणि पेशंटच्या दारात पोचले की बंद करायचा. दिवसातले पाच तास तर घरांच्या आतच जातात. आईला सांगून ठेवलं, ठिपका हलेनासा झाला तर समज, मी कुणाचा तरी गुडघा धरून बसलोय. पहिल्या दिवशी घरी पोचताना फोनमध्ये अकरा टक्के होते, पुढे चौदा-पंधरा उरू लागले. महिना झाला, मॅडमना पुन्हा बोलवावं लागलं नाही.

आता सकाळी आठला व्यायामवाले काठी घेतात, दाराशी उभे राहतात आणि पाठीराख्याचं बटण स्वतःच दाबतात.

"निघू का गं?"

"थांब, चष्मा सापडत नाहीये," आई आतून म्हणते.

मग ते उंबऱ्यात थांबतात. उशीखाली, गादीच्या कडेला, औषधांच्या डब्यामागे तिचा हात चष्मा शोधतो, तो आवाज त्यांना येत असतो. चष्म्याची काडी कानावर बसल्याशिवाय ते पहिली पायरी उतरत नाहीत.